फसव्या पत्त्याचा दोष ग्राहकाच्या माथी मारू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सायबर फसवणुकीच्या बातमीखाली आपल्या दैनिकात सूचनांची जी चौकट छापली जाते तिच्यात, आणि सांगलीतील बँकांच्या व पतसंस्थांच्या काउंटरवर चिकटवलेल्या पत्रकांत, एक वाक्य हमखास आढळते : लिंक उघडल्यावर वरचा पत्ता नीट पाहा, कुलपाचे चिन्ह पाहा आणि खात्री पटल्यावरच पासवर्ड द्या. हा सल्ला सद्हेतूने दिलेला आहे आणि तो पाळण्यात काही तोटा नाही. परंतु तो पुरेसा नाही, हे स्पष्टपणे सांगण्यासाठी मी हे पत्र लिहीत आहे. ब्राउझरच्या ॲड्रेस बारमध्ये, म्हणजे वरच्या पत्त्याच्या पट्टीत, डोळ्यांना दिसणारा पत्ता आणि आपण प्रत्यक्षात ज्या संकेतस्थळावर आहोत त्याचा पत्ता हे दोन वेगळे असू शकतात. हा दोष जुना आहे, जगभरच्या तज्ज्ञांना ठाऊक आहे आणि बऱ्याच अंशी दुरुस्त होणाराही आहे. तरीही त्याची किंमत मात्र दर वेळी पासवर्ड देणाऱ्या माणसाकडून वसूल केली जाते. जिल्ह्यातील सहकारी संस्थांच्या संगणक विभागांत मी नोकरीची वर्षे काढली, आणि "तुम्ही पत्ता का पाहिला नाही?" हा प्रश्न ज्यांना विचारला गेला त्यांच्यातल्या काहींनी पत्ता खरोखरच पाहिलेला होता, हे मला माहीत आहे.

दोष कोठे आहे ते समजून घेणे अवघड नाही. संगणकाला अक्षराचा आकार कळत नाही, त्याला अक्षराचा क्रमांक कळतो. युनिकोड या जागतिक लिपीसंकेतात इंग्रजीतील लहान 'ए' या अक्षराचा क्रमांक ९७ आहे. रशियन भाषेसाठी वापरल्या जाणाऱ्या सिरिलिक लिपीत अगदी तसेच दिसणारे जे अक्षर आहे त्याचा क्रमांक १०७२ आहे. पडद्यावर बहुतेक टंकांत दोन्हींचे चित्र एकच उमटते, म्हणून चष्मा पुसून कितीही निरखून पाहिले तरी फरक सापडणार नाही. तो फरक पडद्यावर नसतोच. संगणकाच्या लेखी मात्र ही दोन वेगळी अक्षरे आहेत, त्यांपासून बनलेली नावे वेगळी आहेत, आणि त्या नावांचे मालकही वेगळे असू शकतात. संकेतस्थळाच्या नावात पूर्वी २६ इंग्रजी अक्षरे, १० अंक आणि एक आडवी रेघ अशी ३७ चिन्हेच चालत असत. जगातील इतर लिप्यांना वाव मिळावा यासाठी २००३ मध्ये प्युनीकोड नावाची पद्धत ठरली. तिच्यात कोणत्याही लिपीतील नाव याच ३७ चिन्हांत बदलले जाते आणि सुरुवातीला 'एक्सएन' व दोन आडव्या रेघा जोडल्या जातात. ब्राउझर पडद्यावर दाखवताना त्या सांकेतिक रूपाचे पुन्हा मूळ लिपीत रूपांतर करतो, आणि फसवणुकीला जागा मिळते ती याच शेवटच्या पायरीवर.

इस्राएलमधील टेक्निऑन या तंत्रविद्यापीठातील एव्गेनी गॅब्रिलोविच आणि ॲलेक्स गॉन्टमाखर यांनी २००२ मध्ये एका शोधनिबंधातून हा धोका मांडला. मायक्रोसॉफ्टच्या नावात सिरिलिक अक्षरे घालून तसे नाव त्यांनी स्वतः नोंदवूनही दाखवले होते. फेब्रुवारी २००५ मध्ये एरिक जोहान्सन यांनी पेपाल या पैसे पाठवण्याच्या सेवेचे असेच जुळे नाव जगापुढे ठेवले, तेव्हा फायरफॉक्स, ऑपेरा आणि सफारी हे ब्राउझर त्याला फसले. इंटरनेट एक्सप्लोरर तेवढा वाचला, आणि तोही केवळ त्याला इंग्रजीबाहेरची नावे दाखवताच येत नव्हती म्हणून. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिला या संस्थेने तातडीचा उपाय म्हणून त्यात अशी सर्वच नावे सांकेतिक रूपात दाखवायला सुरुवात केली, आणि पुढे ज्या नोंदणी संस्थांचे नियम भरवशाचे वाटले त्यांच्याच नावांना मूळ लिपीत दिसण्याची मुभा दिली. त्यानंतर ब्राउझर एकाच नावात दोन लिप्यांची सरमिसळ दिसली की सावध होऊ लागले. परंतु २०१७ मध्ये शुडाँग झेंग या संशोधकाने संपूर्ण नावच सिरिलिकमध्ये लिहून 'ॲपल' असे दिसणारा पत्ता तयार केला. सरमिसळ नव्हती, त्यामुळे नियमाला पकडण्यासारखे काही उरले नाही, आणि क्रोम व फायरफॉक्स दोन्ही फसले. गूगलने एप्रिल २०१७ मध्ये आलेल्या क्रोमच्या ५८ व्या आवृत्तीत दुरुस्ती केली. मोझिलाची त्या वेळची भूमिका वेगळी होती : अशी नावे नोंदवूच न देणे ही नोंदणी संस्थांची जबाबदारी आहे आणि ब्राउझरने इंग्रजीबाहेरच्या लिप्यांना दुय्यम वागणूक देऊ नये. ज्याला नको असेल त्याने 'अबाउट कॉन्फिग' या पानावर जाऊन सांकेतिक रूप दाखवण्याची सोय स्वतः सुरू करावी, असा मार्ग फायरफॉक्समध्ये संगणकावर उपलब्ध आहे.

मराठी वाचकांनी या वादाकडे दूरच्या देशातील भांडण म्हणून पाहू नये. २७ ऑगस्ट २०१४ रोजी 'डॉट भारत' हे देवनागरी नाव सुरू झाले आणि मराठीत पत्ता असलेले संकेतस्थळ काढण्याची सोय झाली. फायरफॉक्समधील वर सांगितलेली सोय सुरू केली की चोराचे सिरिलिक नाव उघडे पडते हे खरे, पण त्याच वेळी आपल्या 'भारत' या तीन अक्षरी अभिमानाच्या शब्दाच्या जागी 'एक्सएन', दोन रेघा आणि पुढे 'एच२बीआरजे९सी' असा अर्थहीन मजकूर दिसू लागतो. सर्व परक्या लिप्या संशयित मानणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि त्याचा भुर्दंड इंग्रजी न वाचणाऱ्यालाच बसतो. म्हणून मोझिलाच्या त्या भूमिकेतील तत्त्व मला पटते, मात्र वापरणाऱ्याला तेवढा काळ उघड्यावर सोडणे पटत नाही. दुरुस्ती बारकाईने करावी लागते. क्रोम आज तशी काहीशी करतो : नावातील सर्व अक्षरे इंग्रजी अक्षरांसारखी दिसणारी सिरिलिक अक्षरे असतील आणि नावाचा शेवट इंग्रजीत असेल तर तो सांकेतिक रूप दाखवतो, शिवाय २०१९ पासून नाव एखाद्या प्रसिद्ध संकेतस्थळाशी फार मिळतेजुळते असेल तर 'तुम्हाला अमुक ठिकाणी जायचे होते का?' असे विचारतो. मात्र ही प्रसिद्ध संकेतस्थळांची यादी जगाची आहे. तिच्यात पलूसची पतसंस्था किंवा तासगावची नागरी बँक असण्याचा संभव नाही. त्याच तपासणीत क्रोम आपण स्वतः वारंवार भेट देतो ती संकेतस्थळेही धरतो, हा एक दिलासा आहे. बँकेचा खरा पत्ता एकदा जतन करून नेहमी तेथूनच जाण्याचा हा आणखी एक फायदा.

देवनागरीच्या आपल्या घरातही जुळी रूपे आहेत आणि त्यांच्याकडे आताच लक्ष दिले पाहिजे. 'ख' आणि 'रव' यांचा घोटाळा शाळेपासून सर्वांना परिचित आहे. तो टाळण्यासाठीच 'ख'चे दोन भाग खाली जोडण्याची रीत आपल्याकडे आली, तरीही काही टंकांत आजही ते सुटे दिसतात. त्याहून नाजूक उदाहरण आपल्या शेजारच्या कऱ्हाडच्या नावात आहे. त्यातील अर्धा 'र' संगणकावर दोन वेगळ्या मार्गांनी टंकित करता येतो : एका मार्गात खाली टिंब असलेला 'ऱ' वापरतात, दुसऱ्यात साध्या 'र'नंतर हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह येते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणक मात्र त्यांना वेगळे समजतो. नोंदणी करणाऱ्या संस्थेने यांपैकी एकच रूप मान्य करणे, किंवा एक रूप कोणाला दिले की त्याची सर्व जुळी रूपे इतरांसाठी बंद करणे, हाच येथे उपाय आहे. तो ब्राउझरच्या आधीच्या टप्प्यावर होणारा असल्यामुळे अधिक टिकाऊ आहे. मराठी पत्त्यांचा प्रसार व्हावा असे ज्यांना वाटते, त्यांनी या तपशिलाचा आग्रह धरायला हवा.

आतापर्यंत सांगितला तो अक्षरांचा खेळ झाला. त्याहून गंभीर प्रकारात अक्षरे खरी असतात, पत्ताही खऱ्या बँकेचाच दिसतो, आणि खाली पान मात्र चोराचे असते. डिसेंबर २००३ मध्ये इंटरनेट एक्सप्लोररमध्ये असा दोष उघडकीस आला. पत्त्यात 'ॲट' चिन्हाच्या आधी येणारा भाग हे केवळ वापरकर्त्याचे नाव मानले जाई आणि खरे ठिकाण त्या चिन्हानंतर असे. मध्ये एक न दिसणारे चिन्ह घातले की ब्राउझर पुढचा भाग दाखवायचाच थांबत असे. आधी बँकेचे नाव, मग ते चिन्ह आणि मग चोराचा पत्ता, अशी रचना केली की पट्टीत फक्त बँकेचे नाव दिसे. मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २००४ मध्ये दुरुस्ती देताना अशा धर्तीचे पत्ते स्वीकारणेच बंद केले. एक सोय गेली, पण निर्णय योग्य होता असे मी मानतो.

२०१८ मध्ये पाकिस्तानातील संशोधक रफाय बलोच यांनी मायक्रोसॉफ्टचा एज आणि ॲपलचा सफारी या ब्राउझरांतील ज्या दोषावर बोट ठेवले, तो तर पत्त्याच्या पट्टीच्या मुळावरच येणारा होता. फसवे पान ब्राउझरला सांगते की खऱ्या बँकेच्या पत्त्यावर जा, परंतु त्या पत्त्यावरील अशा पोर्टवर, म्हणजे क्रमांक दिलेल्या दारावर, जा जेथे उत्तर द्यायला कोणीच नाही. ब्राउझर उत्तराची वाट पाहू लागतो आणि तेवढ्यात वरच्या पट्टीत बँकेचा पत्ता लिहून मोकळा होतो. खाली मात्र आधीचेच, म्हणजे चोराचे, पान राहते. त्या पानावर बँकेच्या नावाने पासवर्डची चौकट आधीच तयार असते. यावरची दुरुस्ती एका वाक्यात सांगता येते : ज्या ठिकाणाहून मजकूर प्रत्यक्षात आला आहे त्याच ठिकाणाचा पत्ता पट्टीत दिसला पाहिजे, जिकडे निघालो आहोत तिकडचा नव्हे. मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०१८ मध्ये ती केली आणि ॲपलने त्यानंतर. परंतु ऑक्टोबर २०२० मध्ये त्याच संशोधकाने मोबाइलवरच्या आणखी अनेक ब्राउझरांत याच जातीचे दोष जाहीर केले; त्यांतील काही निर्मात्यांनी दुरुस्ती केली आणि काहींकडून उत्तरही आले नाही. फोनवर कोणीतरी पाठवलेला, नाव कधी न ऐकलेला ब्राउझर जे लोक केवळ डेटा वाचतो म्हणून वापरतात, त्यांनी ही शेवटची गोष्ट लक्षात घ्यावी.

मोबाइलच्या लहान पडद्याची आणखी एक अडचण आहे. पान वर सरकवले की जागा वाचवण्यासाठी ब्राउझर आपली पट्टी लपवतो. २०१९ मध्ये जेम्स फिशर यांनी दाखवून दिले की पट्टी लपल्याच्या क्षणी पान त्याच जागी स्वतःच्या मजकुरात हुबेहूब पट्टीचे चित्र काढू शकते आणि त्यात हवा तो पत्ता लिहू शकते. २०२२ मध्ये संगणकासाठी याचेच भावंड असलेली युक्ती प्रसिद्ध झाली, तिच्यात पानाच्या आत लॉगिनची एक खोटी खिडकी, तिच्या पत्त्याच्या पट्टीसह, रेखाटली जाते. अशी खिडकी संशयास्पद वाटली तर ती माउसने ओढून ब्राउझरच्या बाहेर नेण्याचा प्रयत्न करावा. खरी खिडकी बाहेर निघते, रेखाटलेली पानाच्या कडेला अडते. वरचा भाग ब्राउझरचा आणि खालचा सारा भाग संकेतस्थळाच्या मालकाचा, ही सीमा ज्याला कळली त्याला यातले पुष्कळ कळले. खालच्या भागात दिसणारे बोधचिन्ह, कुलूप, 'सुरक्षित' हा शिक्का, रिझर्व्ह बँकेचे नाव, यांतले काहीही कोणीही काढू शकतो.

कुलपाबद्दल स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे, कारण पत्रकांतून त्याच्यावरचा भर अजून कमी झालेला नाही. कुलूप म्हणजे बंद पाकीट : वाटेत कोणी वाचणार नाही एवढीच त्याची हमी, पाकीट कोणाच्या हातात पडणार याची नव्हे. त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र २०१५ च्या अखेरीपासून विनामूल्य मिळू लागले आणि ते चांगलेच झाले, पण त्यामुळे चोराच्या संकेतस्थळालाही कुलूप लागते. लोक त्याचा चुकीचा अर्थ घेतात म्हणूनच सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोमने ते चिन्ह पट्टीतून काढून टाकले. काही जुन्या पत्रकांत 'पट्टी हिरवी आहे का ते पाहा' असेही लिहिलेले असते. कंपनीचे कायदेशीर नाव हिरव्या रंगात दाखवण्याची ती पद्धत २०१९ मध्ये क्रोम व फायरफॉक्स दोघांनीही सोडली. एका संशोधकाने २०१७ मध्ये अमेरिकेच्या केंटकी राज्यात एका प्रसिद्ध कंपनीच्याच नावाची दुसरी कंपनी रीतसर नोंदवून तसेच हिरवे नाव मिळवून दाखवले होते. जी हिरवी पट्टी ब्राउझरमध्ये आता उरलेलीच नाही ती शोधायला ग्राहकाला सांगणारी पत्रके संस्थांनी त्वरित काढून टाकावीत.

आता दुरुस्तीविषयी. ब्राउझरमधील दोषांची दुरुस्ती निर्माता करतो, पण ती आपल्या यंत्रात पोहोचते ती नवी आवृत्ती घेतल्यावरच. विंडोज ७ वर क्रोमची शेवटची आवृत्ती १०९ वी, जानेवारी २०२३ ची. त्यानंतर सापडलेला प्रत्येक दोष त्या संगणकावर तसाच उघडा आहे. आमच्या भागातील विकास सोसायट्या, छोट्या पतसंस्था, शाळांची कार्यालये आणि ऑनलाइन फॉर्म भरून देणारी दुकाने यांत विंडोज ७ चे संगणक मला आजही दिसतात, आणि त्यांवरून शेकडो सभासदांचे, विद्यार्थ्यांचे आणि शेतकऱ्यांचे व्यवहार होतात. विंडोज १० चाही नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. मोबाइलमध्ये अँड्रॉइड ८ आणि ९ साठी क्रोमच्या नव्या आवृत्त्या येणे २०२५ मध्येच थांबले. फोन चांगला चालतो म्हणून तो बदलायचा नाही, हे शेतकरी कुटुंबाचे गणित मला समजते आणि त्यात काही चूक नाही. अशा फोनवरून बँकेचे व्यवहार तेवढे करू नयेत, इतकेच माझे म्हणणे आहे. ज्यांचे फोन नवे आहेत त्यांनी प्ले स्टोअरमध्ये क्रोमबरोबर 'अँड्रॉइड सिस्टम वेबव्ह्यू' हाही घटक अद्ययावत ठेवावा. पुष्कळ ॲप लिंक आतल्या आतच उघडतात ती त्याच्या आधारे, आणि तेथे पत्त्याची पट्टी बहुधा दिसतच नाही. संस्थांच्या बाबतीत मात्र मी एवढी सवलत देणार नाही. सभासदांच्या ठेवी सांभाळणाऱ्या संस्थेने वार्षिक अहवालात रंगीत छायाचित्रांवर खर्च करण्याआधी दुरुस्त्या न मिळणारे संगणक बदलले पाहिजेत, आणि लेखापरीक्षकांनी ब्राउझरची आवृत्ती हाही तपासणीचा विषय मानला पाहिजे.

माणसाचे डोळे जेथे फसतात तेथे न फसणारी साधने उपलब्ध आहेत, आणि आपल्याकडे त्यांचा प्रचार जवळजवळ होतच नाही याचे मला वाईट वाटते. ब्राउझरमध्ये किंवा फोनमध्ये पासवर्ड जतन करणारी सोय पत्त्याचे चित्र पाहत नाही, ती अक्षरांचे क्रमांक ताडून पाहते. ९७ च्या जागी १०७२ आला, किंवा वरच्या पट्टीत काहीही लिहिलेले असले तरी पान दुसऱ्याच ठिकाणचे निघाले, तर ती पासवर्ड भरतच नाही. नेहमी आपोआप भरला जाणारा पासवर्ड एखाद्या दिवशी भरला गेला नाही, तर हाताने टाइप न करता तेथेच थांबावे. पासकी ही त्यापुढची पायरी आहे. तिच्यात चोरण्याजोगा पासवर्डच नसतो आणि फोनमधील किल्ली ज्या पत्त्यासाठी तयार झाली त्याच पत्त्याला उत्तर देते. ओटीपीला असा कोणताही पत्ता कळत नाही. खोट्या पानावर टाइप केलेला ओटीपी चोर त्याच मिनिटाला खऱ्या पानावर वापरतो. आपल्या नागरी बँकांनी पासकीची सोय देण्याचा विचार गांभीर्याने सुरू करावा, अशी माझी विनंती आहे.

ज्यांना ही साधने जमणार नाहीत, त्यांनी संदेशातील लिंकवरून बँकेत जाणेच सोडावे. 'आज रात्री वीज तोडली जाईल', 'केवायसी संपली', 'उसाचे बिल जमा झाले, तपशील पाहा' अशा मजकुराखाली लिंक आली की ती उघडून पत्ता तपासत बसण्यापेक्षा न उघडणे बरे. उघडलीच गेली तर पत्त्यातील पहिल्या एकेरी तिरक्या रेघेच्या आधीचा भाग उजवीकडून वाचावा. अरुंद पडद्यावर लांब पत्त्याची एकच बाजू मावते आणि चोर विश्वासाचे नाव मुद्दाम डावीकडे ठेवतो. 'अमुकबँक डॉट को डॉट इन डॉट केवायसी-अपडेट डॉट एक्सवायझेड' या पत्त्याचा मालक 'अमुकबँक' नाही, तर सर्वांत उजवीकडच्या 'केवायसी-अपडेट डॉट एक्सवायझेड' या जोडीचा जो कोणी मालक असेल तो आहे.

येथे रिझर्व्ह बँकेच्या एका चांगल्या निर्णयाची नोंद करतो. २२ एप्रिल २०२५ च्या परिपत्रकाने तिने सर्व बँकांना, सहकारी बँकांसह, आपले संकेतस्थळ ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या नावाखाली नेण्यास सांगितले. ही नावे केवळ बँकांनाच, आणि तीही आयडीआरबीटी या बँकिंग तंत्रज्ञानाच्या एकाच संस्थेमार्फत मिळतात. त्यामुळे जुळे नाव नोंदवण्याची वाट तेथे मुळातच बंद होते. परंतु ग्राहकांना हा बदल समजावताना एका टिंबाकडे लक्ष वेधले नाही तर नवा घोटाळा होईल. 'अमुक डॉट बँक डॉट इन' हे नाव फक्त बँकेला मिळते. 'अमुकबँक डॉट इन' हे नाव मात्र ज्याने पैसे भरले त्याला मिळू शकते, कारण 'डॉट इन' सर्वांना खुले आहे. 'बँक' शब्दाच्या आधी टिंब असलेच पाहिजे, हे प्रत्येक शाखेत ठळक अक्षरांत लागायला हवे. दुसरी उणीव आमच्या जिल्ह्याच्या दृष्टीने मोठी आहे. पतसंस्था या बँका नाहीत, त्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली नोंदलेल्या आहेत, म्हणून हे सुरक्षित नाव त्यांना मिळत नाही. सांगली आणि सातारा जिल्ह्यांत सामान्य माणसाचा पैसा बँकांइतकाच पतसंस्थांतही आहे. त्यांच्यासाठी असेच बंदिस्त आणि पडताळणी करून दिले जाणारे नाव निर्माण व्हावे यासाठी सहकार खात्याने व पतसंस्थांच्या फेडरेशनांनी केंद्राकडे मागणी करावी.

आता ज्या मुद्द्यासाठी हे सारे लिहिले त्याकडे येतो. रिझर्व्ह बँकेचे जुलै २०१७ चे परिपत्रक, आणि सहकारी बँकांसाठी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निघालेले परिपत्रक, यांत ग्राहकाची जबाबदारी किती हे ठरवून दिले आहे. दोष ग्राहकाचाही नाही आणि बँकेचाही नाही, तो व्यवस्थेत अन्यत्र आहे, अशा वेळी बँकेची सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत तक्रार केल्यास ग्राहकाला काहीही सोसावे लागत नाही. पण ग्राहकाने निष्काळजीपणाने आपली गुप्त माहिती दुसऱ्याला दिली असेल तर तक्रार करीपर्यंतचे सारे नुकसान त्याचेच. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे, हेही त्याच परिपत्रकांत लिहिलेले आहे. प्रत्यक्षात मात्र खोट्या पानावर पासवर्ड दिला गेला एवढे कळले की निष्काळजीपणा सिद्ध झाला असे धरले जाते आणि प्रकरण मिटवले जाते. ब्राउझरनेच खोटा पत्ता दाखवला असेल, किंवा दोन अक्षरांतला फरक मानवी डोळ्याला दिसणे अशक्यच असेल, तर बँकेनेच सांगितल्याप्रमाणे पत्ता पाहून विश्वास ठेवणाऱ्या माणसाला निष्काळजी कसे म्हणता येईल? फसवणूक झालेल्या व्यक्तीने लिंक असलेला संदेश पुसून टाकू नये, शक्य असल्यास पानाचा स्क्रीनशॉट आणि लिंकची जशीच्या तशी प्रत ठेवावी आणि तक्रारीत ब्राउझरचे नाव व आवृत्ती लिहावी. लिंकची ती प्रत तपासली की सिरिलिक अक्षर लगेच सापडते, आणि पत्ता डोळ्यांनी ओळखण्याजोगा होता की नाही याचा पुरावा मिळतो. बँकांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांनी अशी तपासणी केल्याशिवाय निष्काळजीपणाचा शिक्का मारू नये आणि रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जाणाऱ्या अर्जांत ग्राहकांनी हा मुद्दा आवर्जून मांडावा. पैसे गेल्याचे लक्षात येताच सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर कळवणे मात्र या सर्वांच्या आधी, कारण पैसा पुढच्या खात्यांत पसरण्यापूर्वी गोठवता आला तरच परत मिळण्याची शक्यता राहते.

आपल्या दैनिकाकडेही एक मागणी आहे. कागदावर छापलेला पत्ता दूरवरचा चोर बदलू शकत नाही. आपण सांगली व सातारा आवृत्तीत महिन्यातून एकदा जिल्ह्यातील बँका, पतसंस्था, महापालिका, नगरपालिका आणि वीज बिल भरणा केंद्र यांचे अधिकृत पत्ते, संबंधित संस्थेच्या सहीच्या पत्राने खात्री करून घेऊन, ठळक टंकात छापावेत. पत्ता बदलला तर त्या संस्थेने आधी आपल्याला लेखी कळवावे. वाचकांनी तो तुकडा कापून घरातील संगणकाजवळ किंवा पासबुकात ठेवावा आणि तेथे पाहूनच पत्ता टाइप करावा. पहिल्या यादीसाठी संस्थांशी पत्रव्यवहार करण्याचे व आलेले पत्ते अक्षर न् अक्षर तपासून देण्याचे काम करायला मी आणि माझे काही निवृत्त सहकारी तयार आहोत. आपण कळवल्यास कार्यालयात येऊन भेटतो.

आपला नम्र,
सहकारी संस्थेतील एक निवृत्त कर्मचारी,
विश्रामबाग, सांगली